चार लाख बासष्ट हजार माणसं: बडोदा संस्थान, १८९१ ते १९०१

२६ फेब्रुवारी १८९१ च्या खानेसुमारीत, म्हणजे जनगणनेत, बडोदा संस्थानात २४,१५,३९६ माणसं मोजली गेली. १ मार्च १९०१ च्या खानेसुमारीत भरली १९,५२,६९२. म्हणजे दहा वर्षांत ४,६२,७०४ माणसं कमी, १९.१६ टक्के घट. त्याआधीच्या दशकात, १८८१ ते १८९१, हेच संस्थान २१,८५,००५ वरून साडेदहा टक्क्यांनी वाढलं होतं.

कारण बडोद्यातल्या कुठल्याही जुन्या घरात विचारा, मराठी असो वा गुजराती, उत्तर एकच मिळतं: छप्पनचा दुष्काळ. छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. उत्तर बरोबर आहे, पण लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्याचं काम इथून सुरू होतं. हे पावणेपाच लाख मेले, परमुलखात गेले, की जन्मालाच आले नाहीत? तिन्ही गोष्टी झाल्या असणार. कुठली किती, हे कागद-पेन्सिल घेऊन कितपत काढता येतं ते इथे पाहू. प्रकरण सव्वाशे वर्षांपूर्वीचं असलं तरी त्यात होणाऱ्या चुका आजच्याच आहेत.

आधी ताळा

कुठलाही जुना आकडा हाती आला की पहिलं काम बेरीज जुळवण्याचं. संस्थानाचे चार प्रांत होते.

कडी: १८९१ मध्ये १०,९८,७४२, १९०१ मध्ये ८,३४,७४४, घट २४ टक्के.
बडोदा: ८,१७,०२३ वरून ६,४४,०७१, घट २१.२ टक्के.
नवसारी: ३,१९,४४३ वरून ३,००,४४१, घट ५.९ टक्के.
अमरेली: १,८०,१८८ वरून १,७३,४३६, घट ३.७ टक्के.

दोन्ही स्तंभ एकूण आकड्याशी शेवटच्या अंकापर्यंत जुळतात. याचा अर्थ मोजणी अचूक होती असा नाही. छापताना, नकलताना घोळ झालेला नाही एवढंच त्यातून कळतं. पण हे न करता पुढे गेलेला माणूस एखाद्या चुकलेल्या अंकावर पानंच्या पानं लिहितो.

दुसरा ताळा तारखांचा. दोन गणनांमधलं अंतर दहा वर्षं आणि तीनेक दिवस, म्हणजे वर्षाचा हिशेब सरळ दहाने करायला हरकत नाही. तिसरा सरहद्दीचा. इथे एक मेख आहे. गायकवाडांचं राज्य सलग नव्हतं. कडीचा मुलूख अहमदाबादला चिकटलेला, नवसारीचे तुकडे सुरत जिल्ह्यात मिसळलेले, अमरेलीचे महाल काठेवाडभर विखुरलेले आणि ओखामंडळ तर पार पश्चिमेच्या टोकाला. त्यामुळे शेजारच्या गावी मुलगी दिली की कागदावर ती 'संस्थानाबाहेर गेली'. दोन कोसांवरचं लग्न आणि मुंबईच्या गिरणीतली नोकरी, दोन्ही एकाच रकान्यात. हे डोक्यात ठेवूनच स्थलांतराकडे जायचं.

समीकरण सोपं, रकाने अवघड

शेवटची लोकसंख्या = सुरुवातीची लोकसंख्या + जन्म − मृत्यू + आलेले − गेलेले.

जगातला कुठलाही देश, शहर किंवा वाडा या पाच रकान्यांत बसतो. जन्म वजा मृत्यू म्हणजे नैसर्गिक वाढ; आलेले वजा गेलेले म्हणजे निव्वळ स्थलांतर. आपल्याकडे दोन टोकं आहेत, १८९१ आणि १९०१. मधले चार आकडे चार वेगवेगळ्या प्रतीचे. जन्म-मृत्यूची नोंद गावपातळीवर होत होती, पण विरळ आणि सैल. आलेल्यांचा थोडा अंदाज जन्मस्थळाच्या कोष्टकावरून येतो. गेलेल्यांचा मात्र संस्थानाच्या कागदात पत्ताच नाही. गेलेला माणूस स्वतःच्या गावात मोजला जात नाही, दुसऱ्याच्या गावात जातो. बडोद्यात जन्मून मुंबईत राहिलेला माणूस शोधायला मुंबई इलाख्याचा अहवाल उघडावा लागतो.

म्हणून बहुतेक जण शिल्लक पद्धत वापरतात. एकूण बदलातून नोंदलेले जन्म-मृत्यू वजा करायचे, उरेल ते स्थलांतर. पद्धत सोयीची आहे आणि या प्रकरणात घातकही.

समजा नोंदवहीप्रमाणे दशकात जन्म-मृत्यू बरोबरीत सुटले. मग शिल्लक पद्धत सांगेल की ४,६२,७०४ माणसं परागंदा झाली. आता समजा प्रत्यक्षात आणखी तीन लाख मृत्यू झाले होते, पण नोंदले गेले नाहीत. समीकरणाला त्याची खबर नाही. ते तीन लाख मेलेले 'गेलेले' म्हणूनच निघतील. न नोंदलेला प्रत्येक मृत्यू शिल्लकेत एक स्थलांतरित होऊन उभा राहतो. उलट बाजूने, न नोंदलेला प्रत्येक जन्म बाहेरून आलेला माणूस होतो. शिल्लक हा रकाना स्थलांतराचा कमी आणि सगळ्यांच्या चुकांचा जास्त असतो.

आणि दुष्काळात नोंद नेमकी मृत्यूचीच कोसळते. ज्याच्याकडे वही, तोच आजारी किंवा गाव सोडून गेलेला. माणूस मेला तो रस्त्यावर, दुष्काळी कामाच्या छावणीत किंवा परगावच्या देवळाच्या ओट्यावर. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, गाव माहीत नाही. सगळं कुटुंबच संपलं असेल तर वर्दी द्यायला कोण जाणार? नेहमीच्या वर्षात वही दहापैकी सहा मृत्यू पकडत असेल, तर दुष्काळात तीनच पकडेल असं गृहीत धरणं शहाणपणाचं. नेहमीचाच गुणक लावून आकडा दुरुस्त करणारे इथे फसतात.

छेदाचीही एक चूक वारंवार दिसते. १९०० सालचा मृत्युदर काढताना छेदात १८९१ ची लोकसंख्या घेतली जाते, कारण तीच छापील मिळते. उदाहरणासाठी एक लाख मृत्यू धरले तर २४.१५ लाखांवर दर हजारी ४१.४ येतो. पण तोवर माणसं २१ लाखच उरली असतील तर खरा दर ४७.६. जितका काळ वाईट, तितका हा दर खोटा सौम्य दिसतो.

आकडा नको, सीमा काढा

नोंदी कच्च्या असल्या की एक अचूक आकडा काढण्याचा हट्ट सोडायचा आणि प्रत्येक कारण जास्तीत जास्त किती भरू शकेल ते पाहायचं. बाजारात मापाने मोजता आलं नाही तर 'पायलीपेक्षा जास्त नाही' एवढं तरी सांगता येतं, तसं.

प्रथम खड्डा किती मोठा ते ठरवू. घट ४.६ लाखांची, पण दुष्काळ नसता तर लोकसंख्या थोडी वाढलीही असती. मागच्या दशकाचा वेग, वर्षाला सुमारे एक टक्का, तसाच राहिला असता तर १९०१ मध्ये सुमारे २६.७ लाख व्हायला हवे होते. म्हणजे तूट ७.२ लाख. पण १८८१ ची गणना थोडी अपुरी झाली असण्याची शक्यता असते, आणि तसं असेल तर १८९१ पर्यंतची वाढ फुगलेली. वेग निम्मा धरला तर तूट ५.९ लाखांच्या आसपास. वाढ शून्य धरली तर ४.६ लाख. तेव्हा खड्डा साडेचार ते सव्वासात लाखांचा. यापुढे कुणी एकच आकडा ठासून सांगत असेल तर त्याने गृहीतक कुठे लपवलंय ते विचारावं.

आता पहिलं कारण: जन्म कमी झाले. दुष्काळात जन्म घटतात याला शरीरशास्त्राची आणि संसाराची अशी दोन्ही कारणं आहेत. उपाशी बाईची पाळी थांबते. नवरा दुष्काळी कामावर, बायको माहेरी. लग्नं पुढे ढकलली जातात. पाऊस १८९९ मध्ये हुकला, उपासमार त्या हिवाळ्यापासून, म्हणून जन्मांतली मोठी घसरण १९०० च्या उत्तरार्धात सुरू होते आणि १ मार्च १९०१ ला मोजणी. म्हणजे या कारणाला मिळाले जेमतेम सहा-आठ महिने. त्या काळी भारतात दर हजारी ४५ च्या आसपास जन्मदर धरला जातो. साडेतेवीस लाखांच्या सरासरी लोकसंख्येवर वर्षाला सुमारे १ लाख ६ हजार जन्म. अगदी एक वर्षभर संस्थानात एकही मूल जन्मलं नाही असं अशक्यप्राय गृहीत धरलं तरी या कारणाने एक लाख सहा हजारांच्या वर माणसं भरत नाहीत. प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी.

दुसरं: मोजणीच चुकली. १९०१ मध्ये विस्कटलेल्या गावांत दोन टक्के माणसं सुटली असं धरलं तर चाळीसेक हजार. पाच टक्के धरलं तरी लाख.

तिसरं: लोक निघून गेले. या कारणाची तपासणी शेजाऱ्याच्या वहीत होते. बडोद्याची माणसं पोटासाठी शेजारच्या जिल्ह्यांत गेली असती तर ते जिल्हे फुगायला हवे होते. त्याच दशकात अहमदाबाद जिल्हा सुमारे १४ टक्क्यांनी घटला, खेडा सुमारे १८, पंचमहाल सुमारे १७, भडोच सुमारे १५. काठेवाड एजन्सी, म्हणजे इंग्रजांच्या देखरेखीखालची काठेवाडातली संस्थानं, १५ टक्के खाली. फक्त सुरत दोनेक टक्क्यांवर निभावलं. सगळीच घरं एकमेकांकडे उसनं मागायला निघाली असतील तर उसनं देणारा कोण? मुंबईकडे, दक्षिण गुजरातकडे काही लोक नक्की गेले. पण पाच-सहा लाख माणसं सामावून घेणारी जागा आसपास कुठे दिसत नाही. शिवाय दुष्काळात बाहेर पडलेल्यांपैकी पुष्कळ जण १९०० च्या पावसानंतर परततात. मार्च १९०१ ची गणना त्यांना घरीच पकडते.

जन्म, मोजणीतली चूक आणि स्थलांतर, तिन्ही ताणून ताणून धरली तरी खड्ड्याचा मोठा भाग उघडा राहतो. तो मृत्यूंचाच. इथवर पोचायला मृत्यूची एकही वही उघडावी लागली नाही.

दहा वर्षांची सरासरी आणि वीस महिने

४.६ लाखांची घट दहा वर्षांवर पसरली की वार्षिक दर येतो उणे २.१ टक्के. गणित बिनचूक आणि चित्र पूर्ण खोटं. वर्षाला दोन टक्क्यांनी झिजत गेलेलं गाव आणि आठ वर्षं नांदून दीड वर्षात कोसळलेलं गाव, दोघांचा सरासरी दर सारखाच येतो.

१८९९ च्या मध्यापर्यंत एक टक्क्याची वाढ चालू होती असं धरलं तर त्या वेळी संस्थानात २६.२ लाख लोक असावेत. तिथून वीस महिन्यांत १९.५ लाख. म्हणजे चारांतला एक. ही वरची सीमा आहे, मधली काही वर्षंही बरी नव्हती. पण घसरण किती उभी होती ते यावरून ध्यानात येतं.

मरण एकाच रूपात आलं नाही, आणि इथे बहुतेक वर्णनं घाई करतात. पहिल्या टप्प्यात अन्न आणि चारा संपला. गुजरातेत गुरं इतकी मेली की पुढच्या पावसाला नांगर ओढायला बैल नव्हते. दुसरा टप्पा १९०० च्या उन्हाळ्यातला: आटलेलं, घाण पाणी आणि दुष्काळी कामांवर दाटीने राहणारी माणसं, त्यातून पटकी, म्हणजे कॉलरा. तिसरा टप्पा ऐकणाऱ्याला सहसा पटत नाही: पाऊस आल्यावर, धान्य उगवायला लागल्यावर हिवताप. कोरड्या वर्षात डास नव्हते, माणसांची प्रतिकारशक्ती उपासमारीने गेलेली, आणि भादवा-आश्विनात डबकी भरली. त्या काळच्या हिंदुस्थानातल्या अनेक दुष्काळांत मृत्यूचं शिखर असं पावसानंतर येतं. दुष्काळ संपल्याच्या तारखेला मृत्यूंचा हिशेब बंद करणारा त्यामुळे मोठा भाग बाहेर ठेवतो.

प्रांताप्रांतांतला फरक

कडी आणि बडोदा या दोन प्रांतांत १८९१ मध्ये संस्थानातली ७९ टक्के माणसं राहत होती. घट मात्र त्यांच्या वाट्याला ९४ टक्के आली. नवसारी वाचली याला भूगोलाची साक्ष आहे. दक्षिण गुजरातेत पाऊस मुळात जास्त, आणि शेजारचं सुरतही तेवढंच वाचलेलं. दोन वेगळ्या सरकारांच्या दोन वेगळ्या वह्या एकच सांगतात तेव्हा आकड्यावर भरवसा वाढतो.

अमरेली मात्र खटकते. भोवतालचं काठेवाड १५ टक्क्यांनी घटलेलं, छप्पनचा तडाखा तिथेही जबर, आणि अमरेली फक्त पावणेचार टक्के. 'तिथे कमी मेले' असं लिहून मोकळं होऊ नये. निव्वळ आकडा दोन वेगळ्या गोष्टींनी लहान होतो: मृत्यू कमी झाले म्हणून, किंवा मृत्यू झाले पण बाहेरून माणसं आली म्हणून. दोन्हींत फरक करायचा तर जन्मस्थळाच्या कोष्टकात 'काठेवाडातल्या इतर संस्थानांत जन्मलेले' हा रकाना दोन्ही गणनांत पाहायचा, आणि वयोगटाच्या कोष्टकात पाच वर्षांखालची मुलं. मुलं इतर प्रांतांइतकीच घटली असून मोठी माणसं मात्र तिथल्यापेक्षा पुष्कळ जास्त टिकली असतील तर बाहेरून आलेल्यांनी भर घातली असण्याची शक्यता धरायची. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: तेव्हाची मोजणी एका रात्रीची, जो जिथे आढळला तिथला. द्वारका ओखामंडळात, आणि ओखामंडळ अमरेलीच्या बेरजेत. त्या रात्री द्वारकेत उतरलेला यात्रेकरू अमरेलीचा रहिवासी म्हणून मोजला जातो.

बडोदे शहराचंही तसंच. छावणी धरून शहर १,१६,४२० वरून १,०३,७९० वर आलं, घट १०.८ टक्के. शहर वजा केलं तर बडोदा प्रांताची खेडी ७,००,६०३ वरून ५,४०,२८१ वर, घट जवळजवळ २३ टक्के. शहरात सरकार, धान्याचे व्यापारी, दवाखाना, दानधर्म. तेव्हा काही खरी बचत असणारच. पण खेड्यातून भाकरीच्या आशेने आलेली माणसंही शहराच्याच आकड्यात आहेत. शहरातली घट कमी दिसते ती मृत्यू कमी म्हणून किती आणि आलेले जास्त म्हणून किती, हे निव्वळ आकडा कधीच सांगत नाही.

जन्मस्थळाचा रकाना आणि मराठी माणूस

बडोद्याबाबत मराठी वाचक एक चूक हमखास करतात: मराठी भाषक म्हणजे बाहेरून आलेले असं धरून भाषेचं कोष्टक स्थलांतराला वापरतात. गायकवाडांबरोबर मराठी कुटुंबं अठराव्या शतकापासून इथे आहेत. तीन पिढ्या दांडिया बाजारात जन्मलेला मराठी कारकून खानेसुमारीत स्थलांतरित नाही. अहमदाबाद जिल्ह्यातून कडीत नांदायला आलेली गुजराती सून मात्र आहे. भाषा घरात टिकते. स्थलांतर एका माणसाच्या जन्मगावापुरतं असतं.

या व्याख्येने स्वतः सयाजीराव महाराजही स्थलांतरितच. जन्म १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा. १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्यास आले. पुढे अर्धशतकाहून जास्त काळ राज्य केलं तरी जन्मस्थळाच्या कोष्टकात रकाना मुंबई इलाख्याचाच. आणि गणनेच्या रात्री ते युरोपात असते तर आपल्याच संस्थानात मोजलेही गेले नसते.

या कोष्टकात आणखी दोन भोकं आहेत. एक, त्यात फक्त जिवंत स्थलांतरित दिसतात. १८९१ मध्ये बाहेर जन्मलेले जितके होते त्यापेक्षा १९०१ मध्ये कमी दिसले तर ते परत गेले असं नाही. दुष्काळाने त्यांनाही नेलं असेल. आधीच्या संख्येला दहा वर्षं जगण्याचं प्रमाण लावून मगच फरक काढायचा. दोन, बाळंतपण. पहिलटकरीण माहेरी जाते. पुणे, सातारा, नाशिकच्या माहेरी जन्मून सव्वा महिन्यात बडोद्याला परतलेलं मूल आयुष्यभर 'मुंबई इलाख्यात जन्मलेलं' राहतं. मराठी घरांत हे सर्रास, आणि गुजरात्यांतही प्रघात हाच. जन्मस्थळावर काढलेलं स्थलांतर या पाळण्यांनी फुगतं.

जखम पुढे सरकते

मोठा दुष्काळ लहान मुलं आणि म्हातारी माणसं आधी नेतो. मधली, कमवती पिढी तुलनेने उरते आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त तगतात. त्यामुळे १९०१ च्या वयोगटांत खालचं टोक पोकळ. लवकरच जन्मदर उसळी मारतो, कारण उरलेल्यांत मुलं होण्याच्या वयाची माणसं जास्त. मृत्युदरही काही वर्षं कमी दिसतो, कारण जे लवकर मरायचे ते आधीच मेलेले. दुष्काळानंतरच्या या चांगल्या आकड्यांचं श्रेय कुठल्या तरी सुधारणेला देऊन टाकण्याचा मोह टाळायला हवा.

ती पोकळी वयाबरोबर वर चढते. १९०१ मध्ये ० ते ५ वयाचा गट १९११ मध्ये १० ते १५, १९२१ मध्ये २० ते २५. नेमकं आई होण्याच्या वयाला हा विरळ गट येतो. हे पाहायला वयाचं कोष्टक लागतं, आणि तिथे आकडे ढिगाऱ्याने पडलेले असतात: वय विचारलं की 'असेल चाळीस'. शून्य आणि पाचाने संपणाऱ्या वयांवर गर्दी, शेजारची वयं ओस. तपासायची रीत अशी: २३ ते ६२ वयांतली ०, ५ ने संपणारी सगळी माणसं मोजा, पाचाने गुणा, त्या वयांतल्या एकूण माणसांनी भागा, शंभराने गुणा. १०० आलं तर वयं बरोबर सांगितली आहेत. ५०० म्हणजे सगळेच गोल आकडा सांगतायत. ढिगारा मोठा असेल तर एकेका वर्षाचं वय सोडून द्या. पाच-पाच वर्षांचे गटही असे पाडा की शून्य आणि पाच गटाच्या मध्ये पडतील.

पुढचे आकडे: संस्थान १९११ मध्ये २०,३२,७९८, १९२१ मध्ये २१,२६,५२२. दोन दशकं जेमतेम चार-साडेचार टक्क्यांनी वाढ. उसळी कुठे गेली? प्लेगने खाल्ली, आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाने. शहराने तर उलटी वाट धरली: १९११ मध्ये ९९,३४५ आणि १९२१ मध्ये ९४,७१२. संस्थान वाढतंय आणि राजधानी लाखाच्या खाली. प्लेग दाट वस्तीचा रोग, हे एक कारण. दुसरं, प्लेग आला की लोक घरं बंद करून शेतात झोपड्या घालून राहत, आणि पश्चिम हिंदुस्थानात प्लेगचा मोसम आणि खानेसुमारीचा महिना एकच, फेब्रुवारी-मार्च. मोजणी एका रात्रीची. शेतात झोपलेलं कुटुंब शहरातून गळतं.

१९३१ मध्ये संस्थानात २४,४३,००७ माणसं भरली, १८९१ पेक्षा २७,६११ जास्त. चाळीस वर्षं गेली जुन्या आकड्यावर यायला.

हीच समीकरणं आजच्या बडोद्यात

आता मृत्यूचा रकाना लहान झालाय. नमुना नोंदणीच्या, म्हणजे देशभरच्या निवडक वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंच्या पाहणीच्या, २०२० च्या आकड्यांप्रमाणे भारताचा जन्मदर हजारी १९.५, मृत्युदर ६. एका बाईमागे सरासरी मुलं, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ प्रमाणे, देशात २, गुजरातेत १.९, महाराष्ट्रात १.७. अशा काळात शहराची वाढ ठरते ती येणाऱ्या-जाणाऱ्यांवर, आणि शिल्लक पद्धतीतल्या चुका आता मृत्यूऐवजी जन्माच्या नोंदीतून येतात.

१९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते, माणूस जिथे राहतो तिथे नाही. छोटा उदेपूर, पंचमहाल, दाहोदकडच्या बायका बाळंतपणाला बडोद्याच्या रुग्णालयांत येतात. ती बाळं शहराच्या जन्मनोंदीत. शहराच्या लोकसंख्येने भागलं की जन्मदर फुगतो, आणि शिल्लक काढली की तेवढीच माणसं 'शहर सोडून गेली' असं निघतं. उलट पुण्याच्या माहेरी झालेलं बडोद्याचं बाळ इथे नोंदलंच जात नाही. उपाय फॉर्ममध्येच आहे. जन्माच्या अहवालात सांख्यिकी भागात आईच्या राहत्या ठिकाणाचा आणि मृत्यूच्या अहवालात मृताच्या राहत्या ठिकाणाचा रकाना असतो. गोषवारा घटनेच्या जागेवर न करता त्या रकान्यावर करायचा, आणि नोंदणीचं वर्ष न घेता जन्माचं वर्ष घ्यायचं. वर्दीची मुदत २१ दिवसांची. त्यानंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. शाळाप्रवेशाच्या आधी अशा जुन्या जन्मांची लाट येते आणि नोंदणी वर्षावर मोजलं तर ती यंदाची जन्मवाढ वाटते.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीची. मागची २०११ ची, तेव्हा अंतर सोळा वर्षांचं. 'दशवार्षिक वाढ' म्हणून २००१-११ शेजारी ती टक्केवारी छापू नये, आधी वार्षिक दर काढावा. जिल्ह्याची तुलना करताना २०११ चा ४१,६५,६२६ हा आकडा तसाच घेतला तर बडोदा जिल्हा कोसळल्यासारखा दिसेल. त्यात छोटा उदेपूर आहे. तो २०१३ मध्ये वेगळा जिल्हा झाला. तालुकावार आकडे घेऊन २०११ ची बेरीज आजच्या सरहद्दीवर पुन्हा मांडायची, तालुके फुटले असतील तिथे गावपातळीवर उतरायचं, आणि मगच वजाबाकीला हात घालायचा.